पलीकडचं चाक

"काका, तुम्ही या गाडीच्या डाव्या बाजूनं कधीच का जात न्हाय?"

प्रश्न मी विचारला, पण डोकं भैरवी आणि राजनंदिनीचं. दोघी माझ्या दहावीच्या वर्गातल्या. दिवाळीच्या सुट्टीत क्लास सुटला की आमच्या गॅरेजात येऊन बसायच्या आणि येणाजाणाऱ्या माणसांच्या नकला करायच्या. आजऱ्याचे नृसिंहकाका आपली जुनी जिप्सी दाखवताना बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत येतात आणि परत त्याच वाटेनं मागं फिरतात, गाडीला पूर्ण फेरी कधी मारत नाहीत, हे त्यांनीच हेरलं. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं राजनंदिनी म्हणाली.

हिंमत आता माझ्याकडं पोत्यानं होती. गणपतीआधी वर्गात हजेरी द्यायलाही मला घाम फुटायचा. मग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी भंगारातल्या गिअरचं डिफरन्शियल करून नेलं, माइकवर अख्ख्या शाळेला समजावून सांगितलं, आणि तेव्हापासून माझं तोंड जे सुटलं ते मिटलंच नाही. अम्मी म्हणते, शिफाला आता बंद करायचं बटण न्हाय.

काका हसले नाहीत. "गाडीनंच सवय लावलीया, बाळ," एवढंच म्हणाले आणि अब्बांशी इंजिनाचं बोलायला लागले. भैरवीनं मला कोपर मारलं. आम्ही तिघी खिदळत जिन्यावर पळालो.

आमचं गॅरेज उद्यमनगरात. खाली गॅरेज, वर घर. एका अंगाला लेथचं दुकान, मागं फौंड्री; दिवसभर लोखंड किंचाळत असतं आणि जळक्या वाळूचा वास येतो. मला तो वास नसला की उलट चुकल्यासारखं वाटतं.

जिप्सी आली होती माळावरच्या शर्यतीसाठी. गाडी नृसिंहकाकांची आणि चालवणार माझा भाई, खिजर. आयटीआय झाल्यापासून तो दुसऱ्यांच्या शर्यतीच्या गाड्यांना तेलपाणी करत आला; स्टिअरिंग कुणी हातात दिलं नव्हतं. काकांनी दिलं. ही एक शर्यत चांगली मारली तर पुढचा अख्खा हंगाम गाडी त्याची, असा शब्दही दिला. त्या दिवसापासून भाई झोपेतसुद्धा गिअर बदलत होता.

अब्बांनी गॅरेजच्या फरशीवर खडूनं गाडीचा आराखडा काढला आणि आम्ही तिघं भोवती उकिडवे बसलो. इंजिन जुनं, दम गेलेला. भाईला सिलिंडर आतून कोरून, म्हणजे बोअर मारून, मोठे पिस्टन टाकायचे होते, हेड घासून दाब वाढवायचा होता, कॅमशाफ्टही बदलायचा होता. अब्बा ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी खडूची रेघ मागच्या ॲक्सलपाशी नेली.

"इंजिनाची ताकद कितीबी वाढीव. ती जाती कुठं, ते आधी बघ की."

हा मात्र माझा हातखंडा. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं. ते दोघांना आपापल्या वेगानं फिरू देतं. चिखलात तीच गोची होते. ज्या चाकाला काही अडवत नाही, त्याच्याकडंच सगळी ताकद पळते. एक चाक गरागरा फिरतं, दुसरं ढिम्म. त्यावर उपाय दोन. एक म्हणजे प्लेटांचं डिफरन्शियल, जे घसरण थोडी थोडी रोखतं. दुसरा म्हणजे आतल्या लहान गिअरना वेल्डिंग मारून दोन्ही चाकं कायमची एकजीव करायची. मी प्लेटांच्या बाजूनं बोलले, बराच वेळ बोलले. अब्बा म्हणाले, ते मागवून येईपर्यंत शर्यत होऊन जाईल.

मग गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवली, मागची दोन्ही चाकं हवेत. अब्बांनी टायर बघितले आणि बघतच राहिले.

उजवा टायर पार गुळगुळीत झाला होता. डावा नवा. नवा म्हणजे, कारखान्यातून येताना टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते तसेच होते. अब्बांनी काकांना फोन लावला. दोन्ही टायर एकाच दिवशी घातलेत, तीन वर्षं झाली, असं काका म्हणाले. आजऱ्याहून गाडी टेम्पोवर आणली का, असं अब्बांनी विचारलं. न्हाय, चालवतच आणली.

"मधनं बदलला असंल, विसरला असंल," भाई म्हणाला. अब्बांनी केसांवरून अंगठा फिरवला आणि विषय सोडला.

संध्याकाळी मी मैत्रिणींना प्रात्यक्षिक दिलं. गाडी गिअरमधे टाकली की मधला शाफ्ट जाम होतो. मग उजवं चाक हातानं पुढं फिरवलं की डावं आपोआप मागं फिरतं. भैरवीला मी डावीकडं पाठवलं आणि चाक घट्ट धरायला सांगितलं. तिनं धरलं, तसं माझं चाकही अडलं. पण भिंतीवर ढकलल्यासारखं नाही. माणसानं धरलेलं कळतं. ती श्वास घेत होती, पकड बदलत होती, हसत होती, ते सगळं मधल्या गिअरांतून माझ्या तळहातात येत होतं. दोघींना हे लय भारी वाटलं.

भैरवी परत उजवीकडं आली तेव्हा तळवे ओढणीला पुसत होती. म्हणाली, टायर कोमट आहे गं.

शुक्रवारी दुपारी अब्बा आणि भाई नमाजला गेले. अम्मी वर होती. गॅरेज माझ्यावर सोपवलेलं, आणि मी गाडीत डाव्या सीटवर बसून रट्टा मारत होते. शर्यतीचा मार्ग भाईनं कागदावर काढून आणला होता आणि मला नॅव्हिगेटर व्हायचं होतं; चालवणाऱ्याच्या शेजारी बसून पुढचं वळण सांगतो तो. या शर्यतीत नॅव्हिगेटर नव्हताच, वजन वाचवायला ती सीटही काढायची ठरली होती. पण सराव करायला कोण अडवतंय? उजवीकडं घे. सरळ. डावीकडं, लांब. मी मोठमोठ्यानं म्हणत होते. लेथच्या आवाजात कोण ऐकणार?

कंटाळा आल्यावर उतरले आणि उजव्या चाकापाशी जाऊन ते फिरवायला लागले.

ते अडलं.

आधी वाटलं ब्रेक धरलाय. जोर लावला. चाक थोडं सरकलं आणि पुन्हा अडलं, मऊसर. तळहाताला कळलं. कुणीतरी पकड बदलली.

"भैरवी, उगंच नाटकं करू नगंस," मी म्हणाले.

मी चाक सोडलं. जेवढं मी पुढं रेटलं होतं तेवढं ते हळूहळू मागं आलं, आणि थांबलं. मग जरा आणखी मागं आलं. खेळात आपली पाळी झाली की समोरचा करतो तसं.

मी खाली वाकून गाडीच्या पोटाखालून पलीकडं बघितलं. डाव्या चाकाच्या मागं भिंतीचा ओला गिलावा दिसत होता. पाय नव्हते.

तिकडं जायला मला किती वेळ लागला, सांगता येत नाही. ऊन पत्र्यावर तडतडत होतं, लेथ चालू होता, रस्त्यावर कुणीतरी केळी विकत होतं. डाव्या बाजूला सावली. मी टायरवर हात ठेवला. सगळा टायर गार होता. फक्त दोन जागी कोमट, एकमेकींपासून खांद्याएवढ्या अंतरावर. आपण चाक धरतो तिथं.

अब्बांना सांगितलं तेव्हा ते चेष्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी केली नाही. दुसऱ्या दिवशी डिफरन्शियल खोलून टेबलावर मांडलं. दाते धारदार, बेअरिंग चोख, खोट काढायला जागा नाही. अब्बांनी वेल्डिंग मारलं, सगळं परत बसवलं आणि मला उजवं चाक फिरवायला लावलं. दोन्ही चाकं एकदम, एकाच दिशेनं, गपगुमान फिरली. कुणी धरत नव्हतं.

"सुटलं नव्हं?" अब्बा म्हणाले. मी मान हलवली. पण मला राहून राहून वाटत होतं, की मधली फटच आपण बुजवली. आता पलीकडचं अलीकडं यायला काही आडवं नाही. हे मी बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

इंजिनाचं काम पुढचे काही दिवस चाललं. सिलिंडर बोअर होऊन आले, हेड बसलं, डावी सीट निघाली. शर्यतीच्या आदल्या सकाळी आम्ही गाडी माळावर नेली. दगड काढून काढून झालेली खण आहे तिथं, काठोकाठ पाण्यानं भरलेली, आणि मार्ग तिला डाव्या हाताला ठेवून कडेकडेनं जातो. अब्बा आणि मी लांब उंचवट्यावर उभे राहिलो. माझ्या तोंडात खडीसाखर होती. मी सकाळपासून गप्पच होते.

भाईनं गाडी अशी काढली की अब्बा स्वतःशीच हसले. दोन्ही चाकं माती एकसारखी उडवत होती. प्रत्येक वळण दिसायच्या आधीच तो घेत होता. खणीपाशी मात्र गाडी अचानक डावीकडं झुकली. काठाचे दोन-चार दगड पाण्यात पडले. मग ती सावरली आणि आमच्याकडं आली.

भाईनं हेल्मेट काढलं. घामानं निथळत होता, खूश होता.

"शिफे, काय झकास सांगितलंस गं वळणं. उद्याबी अशीच सांग."

अब्बांनी माझ्याकडं बघितलं.

"फकस्त खणीपाशी चुकलीस," भाई म्हणाला. "डावीकडं घे म्हणालीस. मी घेतलीच व्हती की."

मी म्हणाले, मी तोंडसुद्धा उघडलं नाही. भाई हसला. एवढ्या लांबून ओरडून घसा बसला असंल, म्हणाला. अब्बांनी त्याच्या हेल्मेटात हात घालून चाचपलं. आत फोन नव्हता, वायर नव्हती. नुसता घामेजला स्पंज.

वाटेत मी त्याला तीनतीनदा सांगितलं. उद्या माझा आवाज आला तर ऐकू नको. तो म्हणाला, तू सांगितल्यावर ऐकणारच की. मार्ग तुला माझ्यापेक्षा पाठ आहे. मी रडले. तो म्हणाला, जळतीस व्हय, सीट काढली म्हणून?

संध्याकाळी घरात तेच. शर्यत रद्द करा, असं मी म्हणाले. इंजिनाच्या आवाजानं कान वाजतात, असं अब्बा म्हणाले, पण माझ्याकडं न बघता. पोरगं कधीपासून वाट बघतंय, म्हणाले. अम्मीनं ओठांतल्या ओठांत काही म्हणून माझ्यावर फुंकर मारली आणि मला जवळ बसवून घेतलं. भाकरीचं ताट तसंच होतं.

भाई खाली गाडी धूत होता. पाइपचं पाणी पत्र्यावर आपटत होतं.

मग पाणी थांबलं.

"व्हय गं शिफे," खालून भाईचा आवाज आला. "डावीकडनंच धुतोय."

अम्मीचा हात माझ्या पाठीवर होता. तो तिथंच थांबला.

पाइप परत सुरू झाला नाही. कुणीतरी काहीतरी सांगत असावं, आणि भाई ऐकत असावा.

"बरं," भाई म्हणाला. "लक्षात ठेवतो."

अब्बा ताटावरून उठले. मी त्यांचा हात धरला, आणि माझा आवाज मला जितका सरळ काढता आला तितका काढून दोघांना म्हणाले,

"आत्तापासनं मी बोलणार न्हाय. भाई त्या गाडीतनं कायमचा उतरूस्तवर एक अक्षरबी न्हाय, हाकसुद्धा न्हाय. हे त्याला तुमच्या तोंडानं सांगा, अब्बा. आता माझ्या आवाजात जे बोलंल, ती मी नव्हं."