वंगण कोणी लावलं?

चाक सुटलं आणि घरंगळत येऊन थेट मोटार खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या पायापाशी आडवं झालं. मागे पांढरकवड्याच्या भर रस्त्यात निजामुद्दीन मिस्त्रीची गाडी डाव्या कुशीवर कलली आणि तिच्यातला कापूस रस्ताभर पसरला.

१९६३ चा कापसाचा हंगाम होता. विहिरीवरच्या पंपाचं इंजिन, मिलिटरीच्या लिलावातल्या छोट्या लॉरीचा आस आणि लाकडी हौदा, असं जुळवून निजामुद्दीनने कित्येक वर्षं खपून ही गाडी उभी केली होती. मुकुटबनकडच्या ज्या वाटांवर ट्रक फसतो, तिथून ही कापूस घेऊन बाहेर पडायची. बॉनेटवर त्याने लेकीचं नाव रंगवलं होतं : शहनाज. आज गाडी पास झाली असती, तर शेतकऱ्यांची सोसायटी अशा दहा गाड्या बनवून घेणार होती.

"घरगुती वस्तू घरातच बऱ्या," इन्स्पेक्टर म्हणाले. "गाडी नापास. मी संध्याकाळच्या एस.टी.ने यवतमाळला चाललो."

"साहेब, चाक सुटलेलं नाही, कोणीतरी सोडलेलं आहे," गर्दीतून आवाज आला. "संध्याकाळपर्यंत शेरा मारू नका."

बोलणारा होता धर्मपाल ताकसांडे. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्याने जुनं नाव टाकलं आणि त्याच वर्षी पोलिसातली जमादारीही. तेव्हापासून तो खाजगी तपास करतो. त्याची मान फार ताठ आहे, असं गाव म्हणतं. गाव बरोबरच म्हणतं.

त्याच्या मागे त्याचे मित्र रामराव, निवृत्त तलाठी. माणूस मनाने सोनं, पण डोकं जरा बैलबंडीच्या चालीने चालायचं.

इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे. संध्याकाळपर्यंत."

कलंडलेली गाडी ढकलत निजामुद्दीनच्या कारखान्याच्या अंगणात आणली. मिस्त्रीची बायको जोहराबी दारातच उभी होती. तिचे डोळे कोरडे होते.

"धर्मपालभाऊ, पोट कसंबी भरन. पन याईचं नाव गेलं तं कोन आनून देईन? सारं गाव म्हनून राह्यलं, मिस्त्रीले चाक बी बसवता येत नाई!"

निजामुद्दीनने फुटलेलं बेअरिंग हातात घेतलं. "हे माहं नाईच जी! म्या नवंकोरं टाकलं होतं. हे जुनं, तडकेल हाये."

"म्हणजे कोणीतरी चाक काढलं, बेअरिंग बदललं आणि चाक परत चढवलं," धर्मपाल म्हणाला. "कधी?"

"काल जुम्मा होता. दुपारी आमी समदे मशिदीत. गाडी इथंच अंगनात."

काल बाजारही होता. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांच्या बंड्या याच अंगणाच्या भिंतीला लागून सुटतात. आजही दोनचार उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या मागे वंगणाची बांबूची नळी लोंबत होती.

बेअरिंग फुटल्याने चाक निसटलं होतं, पण त्याला धरणारा मोठा नट आसावर जागच्या जागी होता. धर्मपालने तो निरखला. कोपरे शाबूत, ओरखडा नाही. मग त्याने आसावरून बोट फिरवलं. बोटाला काळं, चिकट काहीतरी लागलं. वास एरंडीच्या तेलाचा आणि राखेचा.

"मिस्त्री, हे तुमचं?"

"नाई जी. हे बंडीचं वंगन. माहं ग्रीस पिवळं. डबा जोहराच्या कुलपात असते."

तेवढ्यात रामरावांनी पाना उचलला आणि मदत म्हणून नट काढायला घेतला. नट सुटायचा सोडून आणखी आवळला.

"ओ तलाठीसाहेब, उलटं!" निजामुद्दीन ओरडला. "या लॉरीच्या डाव्या अंगाचा नट उलटा फिरते. नाई तं चालता चालता सुटन."

रामराव ओशाळले. धर्मपाल मात्र आसाकडेच पाहत होता. "रामराव, ज्याला चाक मोडायचंय, तो त्याला वंगण कशाला लावेल?"

"वेडा असेल," रामराव म्हणाले.

पहिला संशय शेजारच्या लटारी सुतारावर. तो बंड्या बनवायचा.

"राग हाये, खोटं कायले बोलू?" लटारी म्हणाला. "शहनाज चालली तं माह्या बंड्या कोन घेईन? पन चाक पाडनं? बाप्पा! चाकं घडवनारा मानूस हाये मी."

धर्मपालने त्याला अंगणात आणलं आणि हाती पाना दिला. "हा नट काढून दाखवा."

लटारी नेहमीच्या सुलट नटासारखाच झटला. पाना सटकला आणि नटाचा एक कोपरा घासून गेला. "माहं काम नाई हे. बंडीच्या आसाले नट नसते, खीळ असते."

दुसरा, एका मोठ्या मोटार कंपनीचा एजंट दिघे. पांढरा शुभ्र बुशशर्ट. तो सोसायटीला आपल्या कंपनीच्या गाड्या विकायला आला होता.

"असल्या खटाऱ्यांना पास केलं तर उद्या कोणीही लोहार गाड्या बनवेल," तो म्हणाला. "मी चोरून काही करत नाही. मी सरळ अर्ज केलाय, हिला परवानगी देऊ नका म्हणून."

धर्मपालने आसावरचं वंगण पुसलेली काळी चिंधी त्याच्या नाकाशी धरली. "हे ओळखता?"

"डांबर? छे, शी! दूर घ्या ते."

तिसरे पंजाबराव गोहोकार, तीन ट्रकांचे मालक. तालुक्याचा कापूस त्यांच्याच ट्रकांतून जायचा. त्यांनी चहा मागवला आणि कोटाची बटणं नीट केली.

"आमचा धंदा पहिल्यापासून मोटारीचा. बंड्या-बिंड्या आम्ही जाणत नाही. त्या मिस्त्रीच्या खेळण्याची आम्हाला कसली भीती?"

बाहेरून एक बंडी करकरत चालली होती. दिघे असता तर त्याला ऐकूही आली नसती. पंजाबराव बोलता बोलता थांबले, अंग चोरलं आणि खिडकीतून ओरडले, "अबे ए! आस सुका हाये तुहा! वंगन दे, बैलाचा जीव घेतं का?"

मग खुर्चीत बसून पुन्हा बटणांशी चाळा. "हं, काय म्हणत होतो मी?"

"काही नाही. चहा फक्कड होता," धर्मपाल म्हणाला.

संध्याकाळी सगळे अंगणात जमले. इन्स्पेक्टरांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"साहेब, चोराने दोन खुणा ठेवल्या," धर्मपालने सुरुवात केली. "पहिली खूण नट. तो उलटा फिरतो आणि तो काढणाऱ्याने एक ओरखडाही उमटू दिला नाही. म्हणजे त्याला लॉरी ठाऊक. रामराव फसले, लटारीही फसला. लटारी सुटला."

लटारीने छाती फुगवली.

"दुसरी खूण वंगण. लॉरी जाणणारा ते कधी लावणार नाही. दिघेसाहेबांना तर ते डांबर वाटलं. तेही सुटले."

"मग उरलं कोण?" रामराव गोंधळले. "नट जाणणारा बंडीवाला नाही, आणि वंगण लावणारा..."

"दोन्ही असलेला. आधी बंडी हाकलेला, मग लॉरी चालवलेला. वंगण त्याच्या डोक्याने लावलं नाही, हाताने लावलं. लहानपणापासून ज्याने चाक चढवलं, त्याचा हात आधी वंगणाकडे जातो. नळी भिंतीलगतच्या बंडीला होती. आणि बाजाराच्या गर्दीत चाक खोलून बसलेल्या माणसाकडे पाहतं कोण?" धर्मपालने पंजाबरावांकडे मान वळवली. "पण बंडीवाला भिकार असावा. आसाच्या मुळाशी वंगण पोचलंच नव्हतं."

"खोटं!" पंजाबराव उसळले. "दोन बोटं मुळापावतर फिरवली म्या—"

पंजाबरावांचा चेहरा पडला. कोट एकदम दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसू लागला.

"सुक्या आसावर चाक चढवता येत नाई माह्याच्यानं," ते हळूच म्हणाले. "बापानं शिकवलंच नाई तसं."

"पोलिसांना बोलवा," इन्स्पेक्टर कडाडले.

"बोलवा जी. पन पयले एक काम." निजामुद्दीनने नवं बेअरिंग, पाना आणि पिवळ्या ग्रीसचा डबा पंजाबरावांपुढे ठेवला. "चाक चढवा. मंग साहेबाले बसवतो अन् नाल्यापलीकडच्या कच्च्या वाटेनं भरल्या गाडीनं फेरी मारतो."

"माह्यावर भरोसा हाये तुहा?"

"तुमच्यावर कायचा? तुमच्या हातावर हाये. अन् माह्या गाडीवर तं हायेच!"

जोहराबीने कपाळावर हात मारला, पण अडवलं नाही.

पंजाबरावांनी कोट काढला. आस पुसला, दोन बोटं मुळापर्यंत फिरवली, चाक चढवलं आणि नट उलट्या बाजूने आवळला. निजामुद्दीनने वाकून एकदाच पाहिलं आणि मान हलवली. मग कापसाने काठोकाठ भरलेली शहनाज धडधडत वेशीबाहेर गेली.

ती आली तेव्हा इन्स्पेक्टरसाहेब कापसाने पांढरे झाले होते. एस.टी. केव्हाच गेली होती. "पास," ते म्हणाले आणि मिस्त्रीचा हात हातात घेतला. "आणि आता यवतमाळला मला हीच गाडी सोडेल."

एकच जल्लोष झाला. जोहराबी सगळ्यांदेखत रडली. लटारी हौद्यावर चढून विचारत सुटला, "दहा गाड्याले हौदे कोन करन? सांगा न, कोन?"

पंजाबराव शिपायाबरोबर चौकीकडे निघाले होते. वाटेत ते थांबले, गर्दीकडे वळले. कोट खांद्यावर होता आणि हाताला ग्रीस.

"माहा बाप बंडीवाला होता," ते मोठ्याने म्हणाले. "डावं चाक म्या चढवलं हाये."