मागचं पुसणारं सॉफ्टवेअर

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पाद्री म्हणाला उपास कर, नणंद म्हणाली ऊन लागलं असेल, आणि ज्याने ते सॉफ्टवेअर घालून दिलं तो मोबाइल दुरुस्तीवाला मावुन्यो म्हणाला, "अकोफा मावशी, यंत्र आहे, चुकतं कधीकधी." सहावी शिकलेली, मासे धुरावर धरणारी बाई मी. पण माझे डोळे अजून धुराने गेलेले नाहीत.

डेलाली आणि सेलासी माझ्या जुळ्या मुली. सेलासी चार वर्षांची असताना तापाने गेली. आमच्या केटात, घानाच्या या किनाऱ्यावर, जुळ्यांतली एक गेली की तिची लाकडी बाहुली घरात राहते. जिवंत बहिणीला जे, तेच तिला. डेलालीला मक्याच्या पिठाचं अक्प्ले वाढलं की घासभर बाहुलीच्या फळीवर. डेलालीला फ्रॉक शिवला की त्याच कापडाची पट्टी बाहुलीच्या कमरेला. पंधरा वर्षं मी एक दिवस चुकले नव्हते.

डेलाली कॉम्प्युटरवर फुटबॉल खेळायची आणि खेळताना सगळ्यांना थेट दाखवायची. आधी एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, ते चित्राच्या मधोमध स्वतःचंच नाव छापायचं. दुसरं इतकं जड, की तिचा जुना लॅपटॉप तव्यासारखा तापायचा. त्यात खेळाच्या कोपऱ्यात तिचा चेहरा दाखवणाऱ्या चौकटीत तिच्यामागे बाहुलीही दिसायची. बघणारे लिहायचे, "मागे काय बसवलंयस गं? मंत्र घालून जिंकतेस होय?" आणि राजधानीचा, अक्राचा, एक संघ तिचा सामना बघून तिला घ्यायचं की नाही ते ठरवणार होता.

"आत नेऊन ठेवते तिला," मी म्हटलं.

"नको आई. ती तिथेच बरी. मावुन्योकडे एक हलकं सॉफ्टवेअर आहे. मागचं सगळं पुसतं, फक्त माणूस ठेवतं."

"आणि नाही पुसलं तर?"

"तर हसतील लोक. तू तुझे मासे बघ."

तिने लावून दाखवलं. भिंत गेली, फळी गेली, बाहुली गेली. तरी मला धीर धरवला नाही. सामन्याच्या दिवशी ती आंघोळीला गेली तेव्हा मी बाहुली कपड्यांच्या पेटीत घातली आणि कुलूप लावलं. सकाळचा घासही दिला नाही. म्हटलं, दोन तासांनी काय होतंय!

भर दुपार. अंगणात सावलीला बसून मी मोबाइलवर बघत होते. खाडीचा कुजका वास येत होता. एक कोंबडीसुद्धा हलत नव्हती. चौकटीत डेलाली, मागे नुसता हिरवा रंग.

मग तिच्या खांद्याशी काही तरी उरलं. आधी केस... मग गाल. सॉफ्टवेअरने खुर्चीची पाठसुद्धा पुसली होती, पण ते पुसेना. एकोणीस वर्षांची पोर. डेलालीचंच नाक. कमरेला कापडाची पट्टी.

खाली लोक लिहीत होते, "बहीण का? आज दोघी?"

मी धावत आत गेले. खोलीत डेलाली एकटीच. मोबाइलवर दोघी.

"डेलाली... बंद कर ते."

"शू... पाच मिनिटं राहिलीत, आई."

मोबाइलवरच्या त्या दुसरीने डेलालीच्या तोंडाकडे हात नेला. लहान मूल घास मागतं ना, तसा.

मी पेटीकडे गेले. किल्ली लावून कुलूप काढलं. बाहुली काढून छातीशी धरली, मोबाइल वर उचलला, तर चौकटीत एकच पोर. पट्टीवाली. समोर खुर्चीवर माझी डेलाली बसलेली, बोटं भराभर चालवत. चित्रात मात्र तिच्या जागी ती.

डेलाली जिंकली. अक्राहून निरोप आला, दोन्ही बहिणींना पाठवा. पाठवू कुणाला? त्या दिवसापासून डेलालीच्या पोटात अन्न ठरत नाही. गालफडं बसलीत. मावुन्योने तीन सॉफ्टवेअर बदलून पाहिली. मागचं पुसणारं कुठलंही लावलं, की भिंतीबरोबर डेलालीही पुसली जाते. परवा ती अंथरुणावर पडली होती आणि लॅपटॉप उघडा राहिला होता. रिकाम्या खुर्चीवर सॉफ्टवेअरने कुणाला तरी ठेवलं होतं. खुर्चीतल्या तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

मावुन्योला मी चव्हाट्यावर शिव्या दिल्या. अक्रावाल्यांना दिल्या. देवा, त्या मेलेल्या लेकरालाही दिल्या. तिचं काय चुकलं? ती उपाशी होती. चार परक्या लोकांच्या हसण्याला भिऊन पोटच्या पोरीला पेटीत कोंडलं ते एकाच बाईने. तिचं नाव अकोफा अग्बेको.