पुढचे दोन्ही खूर

नालबंद दारातच उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना.

“जन्म गेला घोड्यांचे पाय धरण्यात. आता म्हणे खिळा खुराच्या जिवंत मांसात ठोकला. तबेल्याच्या मालकांनी हाकललं. एकानं हाकललं की बाकीचेही दार लावतात, बाई.”

खाजगी तपास करणाऱ्या वहिनींनी चपला पायात सरकवल्या. त्यांच्या मदतीला असणारे त्यांचे दीर, भाऊजी, निमूट मागे निघाले.

तबेल्यात घोडी पुढचे दोन्ही पाय लांब ताणून, सगळा भार मागच्या पायांवर टाकून उभी होती. मालकांची मुलगी तिच्या मानेला बिलगली होती. वहिनींनी पुढच्या दोन्ही खुरांवर तळहात ठेवून पाहिला.

“परवा नाल ठोकले, आज घोडी लंगडी,” मालक म्हणाले. “रविवारी मुलगी हिच्यावर बसून अडथळ्यांच्या शर्यतीत उतरणार होती. यात शोधायचं काय?”

“डॉक्टर?”

“परगावी आहेत. संध्याकाळी येतील.”

भाऊजी कुजबुजले, “वहिनी, नालबंदाचंच काम दिसतंय.”

“भाऊजी, जरा दम धरा.”

घोडीची देखभाल करणारा मोतद्दार हात जोडूनच बोलला. “दाणा मी मापानंच घालतो, बाई. पण काल सकाळपासून हिनं तोंडच लावलं नाही.”

“दाण्याच्या कोठीची किल्ली?”

“एक माझ्या कमरेला, एक घरात खुंटीवर. परवा संध्याकाळी मी लेकीकडे गेलो होतो.”

घरात भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. “थोरला,” मालक म्हणाले. “घोड्यावरून पडला. पुन्हा उठला नाही.”

मालकीणबाई पाणी घेऊन आल्या. “पोट कसंय तिचं? लीद साफ होतेय ना?”

“पायाचं दुखणं आहे गं,” मालक म्हणाले.

वहिनींनी सगळ्यांना तबेल्यात बोलावलं. नालबंदालाही.

“खिळा लागला तर घोडं तो एक पाय उचलून धरतं. हिचे दोन्ही खूर तापलेत.”

“दोन्हीकडे चुकला असेल,” भाऊजी म्हणाले.

“असेल. मग कालपासून दाणा का सोडला? घोड्यानं एकदम भरमसाट दाणा खाल्ला की तो पोटात आंबतो आणि त्याचं विष खुरांत उतरतं. पाय मागाहून आखडतात. परवा संध्याकाळी कुणीतरी हिच्यापुढे कोठी मोकळी केली.”

मोतद्दाराचा चेहरा उतरला.

“तुम्ही नाही. तुम्ही असता तर दाणा सोडल्याचं आपणहून सांगितलं नसतं. मालकांना आणि मुलीला तर रविवार हवाच होता. सगळं घर पायाकडे बघत असताना पोटाची चौकशी एकाच माणसानं केली.”

मालकीणबाईंनी नाकारलं नाही.

“दोन दिवस पोट बिघडेल, रविवार टळेल, एवढंच मनात होतं. पाय जातात हे ठाऊक नव्हतं.”

“मला सांगायचंस ना, आई,” मुलगी म्हणाली.

“सांगितलं होतं. तू हसलीस.”

मालक नालबंदाकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

“ते राहू द्या, मालक,” नालबंद घोडीपाशी बसत म्हणाला. “बादल्या भरून गार पाणी आणा.”

“पुन्हा धावेल?” मुलीनं विचारलं.

“डॉक्टर काय ते सांगतील. मला वाटतं, चालेल. उडी मात्र नाही.”

मालकीणबाईंना हवं होतं ते कायमचं मिळालं होतं. त्यांनी बादली उचलली आणि त्या नळाकडे निघाल्या. मुलीनं आईच्या हातातून बादली सोडवून घेतली आणि नळ सुरू केला.