ओतलेल्या तांब्याची घनता

"शुद्ध तांब्याची सळई मिळेल का?"

भांडी बाजारातल्या आमच्या दुकानात त्या दुपारी कुणी नव्हतं. बाबा जेवायला गेले होते आणि गल्ल्यावर मी बसले होते. दारात एक मुलगा छत्री मिटत उभा... छत्री असून अर्धा भिजलेला.

"पूजेला हवीय?" मी विचारलं.

"नाय, प्रयोगाला. गॅमा किरण सोडायचेत तिच्यावर."

"तांब्यानं काय पाप केलंय?"

तो हसला, आणि मी उगाच हिशेबाची वही उघडली. बोलता बोलता कळलं की हा जीवन. माझ्याच एमएस्सीच्या वर्गातला, रोज चांदवडहून एसटीनं येणारा आणि मागच्या बाकावर बसणारा.

"मग तूच हो की माझी जोडीदार," तो म्हणाला.

"लगेच?"

"प्रयोगातली म्हणतोय..." त्याचे कान लाल झाले होते. माझेही झाले असणार.

बाबांनी जुन्या भांड्यांची मोड वितळवून सळई ओतून दिली. "तांबटाच्या घरचं तांबं आहे. डोळे मिटून वापरा," असंही म्हणाले.

अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आणि तांबं यांच्या एकाच मापाच्या तीन सळया होत्या. सळईवर किरण आदळून विखुरतात, ते वेगवेगळ्या कोनांतून मोजायचे. धातू जेवढा दाट, तेवढे जास्त विखुरतात. म्हणून आधी प्रत्येकीची घनता काढायची, आणि ते काम माझं. पहिल्या दोन बरोबर आल्या. तांब्याची ८.९६ यायला हवी होती, आली ८.२. पुन्हा मोजली, तरी तेवढीच. म्हणजे सळईत आत हवेचे बुडबुडे होते. बाबांचं काम पोकळ निघालं होतं, आणि तेही जीवनसमोर. मला इतकी लाज वाटली की वहीत मी सरळ पुस्तकातला आकडा लिहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढचे तीन आठवडे तांब्यावरून विखुरलेल्या किरणांचे आकडे दर वेळी अपेक्षेपेक्षा कमी यायचे. जीवन किरण मोजणारा डिटेक्टर खोलायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा.

"माझंच कायतरी चुकतंय गं. तुझी घनता तर बरोबर हाय." असं म्हणून तो डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायचा. माझा चष्मा धुळीनं भरला की न विचारता पुसून द्यायचा. तो मला आवडायला लागला होता... आणि त्याच्याकडे वर बघायची माझी हिंमत होत नव्हती.

पुण्याच्या सेमिनारसाठी सर एकच जोडी पाठवणार होते. शुक्रवारी त्यांनी आमची वही मिटली. "जीवन, तुझा हात बसलेला नाही. मी दुसरी जोडी पाठवतो."

"चूक माझीच आहे सर. प्रतिभाचं नाव तेवढं ठेवा."

मग मला गप्प बसवेना.

"सर, घनता मी खोटी लिहिलीय."

सरांनी सगळ्या वर्गासमोर मलाच सळई मोजायला लावली. ८.२. सरांनी वहीतला माझा आकडा खोडला.

व्हरांड्यात जीवन कठड्याला टेकून उभा होता.

"आकड्याचं जाऊ दे," तो म्हणाला. "रोज मी विचारायचो, माझं काय चुकतंय. तू समोर बसून ऐकायचीस."

"मला लाज वाटली. आधी बाबांची... आता माझी." मी जमिनीकडे बघत होते. "तू मला आवडतोस, म्हणून तर जास्तच."

तो कठड्यापासून सरळ झाला.

"मलाबी तू आवडतीस," तो म्हणाला. "पण आज लय राग आलाय. आज बोलायला नको." आणि तो स्टँडकडे निघून गेला.

घरी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल. ते हसलेच. "अगं, ओतलेल्या तांब्यात हवा राहतेच. ती जावी म्हणून तर आपण जन्मभर ठोकतो. विचारायचंस तरी." मी मान खाली घालून बसले. ज्यांची अब्रू झाकायला मी जीवनला तीन आठवडे छळलं, त्यांना झाकण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सातलाच प्रयोगशाळेच्या दाराशी जाऊन उभी राहिले. दार उघडंच होतं. आत जीवन तराजू पुसत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. राग होताच. पण चांदवडच्या पहिल्या एसटीनं आला होता, आणि शेजारी दुसरं स्टूल मांडून ठेवलं होतं.