लक्सरचं आवतन

किसनराव गावंडे यांच्या दर्यापूरच्या कृषी केंद्रातून बियाणं बक्कळ खपलं, म्हणून कंपनीनं त्यांना इतर दुकानदारांसोबत इजिप्तला नेलं. पाऊस दगा देत होता, लोक दुबार पेरणी करत होते, आणि दुबार पेरणी म्हणजे दुबार बियाणं. हे त्यांना कळत होतं. पण सहलीला नाही म्हणण्याइतकं ते टोचत नव्हतं.

शिवाय त्यांना पोळ्याला घरी राहायचंच नव्हतं. त्याचं कारण खैऱ्या. जोडीतला एक बैल आधीच साप चावून गेला होता. उरलेल्या खैऱ्याला एप्रिलमध्ये, कडबा संपल्यावर, किसनरावांनी बाजारात नेऊन विकलं. डावं शिंग टोकाशी तुटलेलं, खांद्यावर जुवाचा घट्टा, बरगड्या वर आलेल्या. ट्रकमध्ये चढवताना त्यानं मान वळवून मागे पाहिलं होतं. घरी मात्र वच्छलाबाईंना त्यांनी सांगितलं की, धारणीच्या जंगलाकडच्या भगवंतरावांकडे चरायला ठेवला आहे, पोळ्याला येईल. वच्छलाबाईंनी खैऱ्याला वासरू असल्यापासून हातानं चारलेलं. त्यांना खरं सांगायची किसनरावांची छाती झाली नाही.

लक्सरच्या देवळापुढे बस थांबली तेव्हाच फोन वाजला.

"आज खांदमळण झाली गावात," वच्छलाबाई म्हणाल्या. "आपला खुटा रिकामाच राहिला. उद्या तरी खैऱ्या येईन ना?"

"येईन," किसनराव म्हणाले आणि गाईड बोलावतोय असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

आत शिरले आणि ते फोनबिन सगळं विसरले. दाराशी दगडी राजे बसले होते, गुडघेच माणसाच्या डोक्याच्या वर. बाजूला एका अखंड दगडाचा सुळका थेट आभाळात गेलेला. आतल्या चौकातले खांब चार जणांनी एकमेकांचे हात धरले तरी कवेत येणार नाहीत असे. सिमेंट नाही, क्रेन नाही, बत्तीसशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी हे उभं केलं, म्हणजे ती माणसं काय खात असतील, असं किसनरावांना मनापासून वाटलं. त्यांच्या खोलीतले सोबती, मूर्तिजापूरचे खतविक्रेते जैनुद्दीन, वेगळ्याच गोष्टीवर खूश होते. देऊळ कैक शतकं वाळूत बुडालेलं असताना लोकांनी वरच मशीद बांधली होती आणि वाळू उपसल्यावर ती चौकाच्या माथ्यावर तशीच राहिली होती. जैनुद्दीन नमाजाला वर गेले. किसनराव सावलीतल्या भिंतीपाशी एकटेच उभे राहिले.

भिंतीवर बैल कोरले होते.

एकामागे एक, ओळीनं. नैवेद्यासाठी नेताहेत, असं गाईड म्हणाला होता आणि पुढे काय होतं ते त्यानं गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं होतं. पण काय बैल! मानेच्या वळ्या, पोटाचा भार, डोळ्याभोवतीची कातडी, काही म्हणून सुटलं नव्हतं. हा कारागीर गोठ्यातच वाढला असला पाहिजे. तिसरा बैल तर इतका पोसलेला होता की, जागेवर उभं राहून राहून त्याचे खूर लांब वाढून वर वळले होते. दोन्ही शिंगांच्या टोकांना सजावट म्हणून माणसाचा एकेक हात बसवलेला होता, पंजा उघडा, आभाळाकडे केलेला. खांदा गुळगुळीत, जू कधी न पाहिलेला.

किसनरावांचा तळवा आपसूक त्या खांद्यावर गेला. जन्मभर खांदमळणीला हळद-लोणी चोळून बैलाच्या कानात जे म्हणायचं, तेच तोंडून निघालं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. किसनरावांनी हात काढला. भिंत दुपारपासून सावलीत होती, तरी खांदा कोमट लागला. त्याचं त्यांना थोडं नवल वाटलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी नाईलच्या काठावर जेवण चालू असताना परत फोन आला. वच्छलाबाईंचा आवाज इतका आनंदी किसनरावांनी वर्षभरात ऐकला नव्हता.

"आला हो खैऱ्या. पुरणपोळी खाऊन राहिला."

किसनरावांच्या हातातला घास हातातच राहिला. वच्छलाबाई भरभरून सांगत होत्या. दुपारी एकटाच आला, दावं नाही, वेसण नाही. थेट गोठ्यात जाऊन खुट्याशी उभा राहिला. भगवंतरावांच्या गड्यानं शिवेवर सोडला असेल. जंगलाचं गवत त्याला असं मानवलं की, ओळखू येत नाही. खूर तेवढे फार वाढलेत, मोजडीसारखे वर वळलेत. आणि तुटकं शिंगही कोणीतरी झाकून सजवून दिलंय.

"वच्छले," किसनराव म्हणाले, "खांदा पाह्य त्याचा. घट्टा हाये का?"

थोडा वेळ नुसत्या घुंगरांचा आवाज आला.

"नाई. लोण्यावानी खांदा हाये. अन् शिंगाले हे हात कोणं बसवले हो? लाकडाचेच हायेत वाटते. मी त्यायलेही हळदकुंकू लावलं. लय गार हायेत."

खरं सांगायची वेळ ती होती. किसनरावांनी तोंड उघडलं. पण तिकडे तोरणाखाली बैल जमले होते, त्याले तिकडं न्या लागते, म्हणून वच्छलाबाईंनी फोन ठेवला.

किसनरावांनी जैनुद्दीनना जेवणावरून उठवलं आणि घोडागाडी केली. वाटेत सगळं सांगून टाकलं, बाजार, ट्रक, धारणीची थाप. जैनुद्दीन हसले नाहीत.

"भाऊ, पयले घरी फोन लावा अन् खरं सांगा," ते म्हणाले. "दगड काय पळून जाते?"

किसनराव म्हणाले, आधी पाहतो.

चौक तसाच होता. खांब, सावली, भिंत. बैलांची ओळ.

तिसऱ्यापाशी जैनुद्दीन थांबले. बराच वेळ पाहून ते हळू म्हणाले, "हा तर आपल्याकडला बैल आहे."

त्याला वशिंड होतं. ओळीतल्या दुसऱ्या कुणालाच नव्हतं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. डावं शिंग टोकाशी तुटलेलं. खांद्यावर जुवाचा घट्टा, छिन्नीनं कोरलेला, आणि त्या खाचेत बत्तीसशे वर्षांची धूळ.

बाकीचे बैल पुढे पाहत होते. हा मान वळवून मागे पाहत होता.

किसनरावांना रडू आवरेना. त्यांनी खैऱ्याच्या कानामागे खाजवलं, त्याला आवडायचं तसं.

"आवतन तुलेच होतं रे बापा," ते म्हणाले.

नाकपुडीखालचा दगड ओला झाला.

त्यांनी वच्छलाबाईंना फोन लावला. वाजला, वाजला, मग उचलला गेला. मागे ढोल जोरात चालू होते.

"वच्छले, खैऱ्या धारणीले नव्हताच. मी त्याले एप्रिलमंदीच इकला."

पलीकडे ढोल हळूहळू दूर जात होते, किंवा वच्छलाबाईच ढोलांपासून दूर जात होत्या. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं,

"मंग माहा हात कोणं धरला हो?"