सात सेकंदांचं दार

बब्रुवान वाकडे आला की किराणा दुकानाचं दार त्याच्या आधी तयार असायचं. त्याने उंबऱ्याकडे पाय उचलायचा अवकाश, वरचा दिवा हिरवा व्हायचा आणि काच बाजूला सरकायची, जणू जावईबापूच आले. हा तोच बब्रुवान, ज्याने ऐन उमेदीत पाच गावांच्या विहिरींवरच्या मोटारी उचलल्या होत्या. त्यातली एक तर चालू असतानाच उचलली, आणि वर निघालेलं पाणी काय करावं ते न सुचून घटकाभर पाइपातच थांबलं होतं, असं अजून सांगतात. दोन वर्षं तो आत राहून आला. पुढे पाच वर्षं दिवा त्याच्यासाठी लाल व्हायचा. मग अवधी भरला आणि दिव्याने सगळं पोटात घातलं.

त्याच्या मागोमाग महारुद्रअप्पा फुटाणे आले की दिवा पिवळा व्हायचा. दार उघडायचं, नाही असं नाही. पण सात सेकंदांनी.

त्या यंत्राला लोक पारखी म्हणत. सुपारीएवढं भिंग, दाराच्या चौकटीत बसवलेलं. ते चेहरा ओळखायचं, कोर्टाच्या नोंदी चाळायचं आणि दिवा लावायचं. कोऱ्या माणसाला हिरवा. शिक्षा झालेल्याला लाल, पण शिक्षा संपल्यावर पाच वर्षांनी तोही हिरवा, कारण माणसाला सुधारायची संधी द्यावी असं ठरवणाऱ्या शहाण्यांना वाटलं होतं. आणि ज्याच्यावर खटला चालला पण काही सिद्ध झालं नाही, त्याला पिवळा. आतल्या माणसाने पाकीट खिशात घालावं, पोराला हाताला धरून जवळ ओढावं, एवढ्याला सात सेकंद पुरतात असा शहाण्यांनी हिशेब केला. पिवळा कधी जायचा, हे मात्र कुणी लिहिलंच नाही. अवधी मोजायचा तो शिक्षा संपल्यापासून. जिथे शिक्षाच नाही तिथे मोजायचं कुठून? चोर सात वर्षांत सुटला, आणि सुटलेला माणूस जन्मभरासाठी अडकला.

सात सेकंद म्हणजे फार नव्हे असं वाटत असेल, तर तापलेल्या तेलात जिरं टाकावं आणि सात मोजावेत. अप्पांना ते चांगलं ठाऊक होतं. ते आचारी होते.

नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या लग्नात त्यांच्या हातची बासुंदी खाऊन त्रेचाळीस माणसं आजारी पडली आणि केरबा नावाचे एक म्हातारे गेले. दूध बाहेरून टँकरने आलेलं. अप्पांनी त्याचा वास घेतला होता, चव पाहिली होती, काही कळलं नव्हतं. त्या भागात पहिलं पान आचाऱ्याचं असतं. पंगत मांडली की आचारी सगळ्यांसमोर आपल्या पानातलं खातो आणि मग म्हणतो, घ्या. त्या दिवशीही अप्पांनी आधी खाल्लं होतं, आणि दवाखान्यात पहिले तेच पोचले होते. सरकारी वकिलांनी त्याचाही अर्थ लावला: संशय येऊ नये म्हणून खाल्लं. बासुंदीचा नमुना पोलीस ठाण्याच्या फ्रीजमध्ये होता. तिथली वीज तीन दिवस गेली आणि पुरावाच नासला. न्यायाधीशांनी निकाल वाचला, आरोप सिद्ध होत नाही. अप्पांनी हात जोडून विनंती केली होती.

"साहेब, सिद्ध होत नाही असं नका लिहू. केलं नाही असं लिहा."

न्यायाधीश वाईट नव्हते. ते म्हणाले, "माझ्यासमोर जे आलं तेवढ्यावरच मला लिहिता येतं, फुटाणे. तुम्ही सुटलात, आता घरी जा."

अप्पा घरी गेले. नंतर पारखी आला.

पिवळ्या दिव्याच्या माणसाने पन्नासपेक्षा जास्त पानांचा स्वयंपाक करायचा नाही, असा नियम निघाला. मंगल कार्यालयांच्या भटारखान्याची दारं अप्पांसाठी सात सेकंदांनीही उघडेनात. ते बारशाचं, डोहाळजेवणाचं करू लागले. बासुंदीला मात्र त्यांनी नऊ वर्षांत हात लावला नाही. आणि आता त्यांच्या एकुलत्या मुलीचं, रेवतीचं लग्न ठरलं होतं. लहानपणापासून तिचा हट्ट एकच: माझ्या लग्नाची बासुंदी अप्पांच्या हातची. पाहुणे भले होते. त्यांनी एवढंच कळवलं की पानं दोनशे आहेत, तेव्हा आचारी हिरवा असावा.

वाट बब्रुवानने शोधून आणली. जुन्या नोंदी निकाली काढायची एक नवी सवलत निघाली होती. पिवळ्या माणसाने आपणहून कबुली द्यायची, कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसायची शिक्षा भोगायची, आणि खटल्यापासूनची मधली वर्षं त्या पाच वर्षांच्या अवधीत धरली जायची.

"म्हणजे सकाळी कबूल व्हा, संध्याकाळी हिरवे," बब्रुवान म्हणाला. "अप्पा, माझं ऐका. या राज्यात गुन्हा केल्याशिवाय माणसाला निर्दोष होता येत नाही. मी होऊन बसलोय की."

अप्पा हसले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि रेवतीला घेऊन नोंद केंद्रावर गेले. केंद्राचं दार सात सेकंदांनी उघडलं.

आत हेमलता मॅडम बसायच्या. बाई मायाळू. त्यांनी पाणी दिलं, मुलीच्या लग्नाचं विचारलं आणि कबुलीचा कागद पडद्यावर आणला. अप्पांनी फक्त अंगठा टेकवायचा होता. त्यांनी कागद मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला. मॅडम वाचू लागल्या: दूध खराब असल्याचं माहीत असूनही मी ते वापरलं, आणि त्यामुळे केरबा यांचा मृत्यू झाला.

अप्पांनी विचारलं की केरबांच्या घरच्यांना हे कळेल का. मॅडम म्हणाल्या, कळवावंच लागतं, नियम आहे. टँकरवाल्याचं काय, असं अप्पांनी विचारलं. कबुली आली म्हणजे तो विषयच संपला, असं मॅडम म्हणाल्या. मग अप्पांनी शेवटचं विचारलं. या यंत्रात ज्याने केलंच नाही अशा माणसाचा रकाना का नाही?

मॅडमना हा प्रश्न बहुधा कुणी विचारला नव्हता. त्यांनी पडद्यावरचा मजकूर वरखाली केला. "कोर्ट तसं सांगत नाही ना, काका. कोर्ट सांगतं सिद्ध झालं की नाही झालं. आम्ही कोर्टाचंच घेतो."

"पण कोर्टाने मला घरी जा म्हटलं. दारात थांब म्हटलं नव्हतं. ते कुणी ठरवलं?"

भिंतीवरचं घड्याळ पाहून मॅडम हळूच म्हणाल्या की साडेदहापर्यंत अंगठा झाला तर आजच्याच कोर्टात बसता येईल.

अप्पांनी अंगठा उचलला. आयुष्यभर तो कढईच्या काठाने भाजून भाजून इतका गुळगुळीत झाला होता की यंत्राने तो ओळखला असता की नाही कोण जाणे. त्यांनी तो पडद्यापाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. शेजारी रेवती उभी होती.

"मॅडम," अप्पा म्हणाले, "मीठ जास्त पडलं तर मी भर पंगतीत कबूल करतो. ते माझं असतं. हे माझं नाही."

त्यांनी हात मागे घेतला. बाहेर पडताना दार लगेच उघडलं. बाहेर जाणाऱ्याला पारखी कधी अडवत नसे.

रस्त्यावर आल्यावर अप्पा मुलीला म्हणाले की दुसरा आचारी बघू, तुझं लग्न माझ्यापायी अडायला नको. रेवतीने त्यांना थांबवलं.

"अप्पा, तुम्ही अंगठा लावला असता तर मी जेवले नसते. आता दार नसलेली जागा शोधा."

जागाही बब्रुवाननेच शोधली. त्याचा सारा अनुभव दारं नसलेल्या ठिकाणांचाच होता. हरभरा काढून मोकळं झालेलं रान, वर कापडी मांडव, खाली सतरंज्या. नियम भटारखान्याच्या दारावर लिहिलेला होता, आणि रानाला दार नव्हतं. पाहुण्यांकडची मोठी आत्या कुरकुरली. तेव्हा नवऱ्या मुलाने सांगून टाकलं की लग्न तिथेच होईल. अप्पांनी दूध समोर काढून घेतलं. चुलीपाशी सहा तास उभं राहून ते आटवलं. कुणाला कढईला हात लावू दिला नाही. वास असा सुटला की शेजारच्या शिवारातले बैल दावं तोडून आले, आणि त्यांच्यामागून आलेला मालक जेवूनच गेला, असं बब्रुवान सांगतो. त्यातलं बैलांचं खरं नसावं.

अक्षता पडल्या. पंगत बसली. दोनशे पानं मांडली होती, आणि बहुतेक माणसं अप्पांच्या ओळखीची होती. कुणाच्या बारशाचं जेवण त्यांनी केलेलं, कुणाच्या बापाच्या तेराव्याचं. रूढीप्रमाणे पहिलं पान त्यांच्यासमोर आलं. अप्पा मांडी घालून बसले, द्रोण उचलला आणि सगळ्यांसमोर बासुंदी पिऊन टाकली. तोंड पुसून उभे राहिले.

"घ्या," ते म्हणाले.

कुणी हात उचलला नाही.

कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. शंकाही दिसत नव्हती. माणसं शेजाऱ्याशी बोलत होती, एक बाई पदर सावरत होती, एक जण पानावरची माशी हाकत होता. पण चारशे डोळे मधूनमधून अप्पांकडे येऊन जात होते आणि दोनशे हात पानाशेजारी पडून होते. अप्पा सवयीने मोजू लागले. एक. दोन. तीन. चार. चुलीवर शिल्लक दूध खदखदलं. पाच. सहा. सात.

आणि सगळे हात एकदम उठले. पंगत भुरके मारू लागली. दुसऱ्या वाढीला मांडवात गलका झाला, आत्याने तिसरा द्रोण मागितला, आणि बब्रुवान ओगराळं घेऊन ओळीतून पळू लागला. मधे काही घडलं होतं हे एकालाही कळलं नव्हतं. अप्पांना कुणी विचारलं असतं तर त्यांनीही नाहीच सांगितलं असतं.

पण रेवतीने पाहिलं होतं. वधूवरांच्या वेगळ्या पानावर तिने पहिल्या सेकंदालाच घास घेतला होता, आणि मुंडावळ्यांच्या आडून तिला साऱ्या पंगतीचे हात दिसत होते. ती उठून चुलीपाशी आली. अप्पा कढई खरवडत होते, मान वर न करता.

"अप्पा," ती म्हणाली, "इथं तर दार नव्हतं. मग हे सगळे कशापाशी थांबले होते?"