वरची बाजू

हसायचं नाही हं, आधी सगळं ऐका. भरभर सांगते, कारण मला घरी जायचंय आणि तुमच्यातलं कोणीतरी बरोबर हवंय. का ते कळेलच.

ताई मगरींच्या सेंटरवर आहे आणि मी तिच्याच हाताखाली लागले, एवढं तुम्हाला माहितीये. मगरी म्हणजे घडियाल, ती लांब, निमुळत्या तोंडाची जात. नुसते मासे खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. आमच्या नदीत अंडी घालणारी एकच मादी उरलीये. तिला आम्ही आत्या म्हणायचो. काही न करता नुसती बघत राहायची, आणि आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायला लागायचं, म्हणून आत्या.

या वेळी धरणातून पाणी सोडणार होते, म्हणजे आत्याचा काठ बुडणार. ताई आणि मी अंडी काढायला गेलो. फावडं चालत नाही, वाळू हातानंच उकरायची. अंडं दिसलं की उचलायच्या आधी पेन्सिलनं त्याच्या वरच्या बाजूला एक छोटी रेघ मारायची आणि खोक्यात ठेवताना ती रेघ वरच ठेवायची. आतलं पिल्लू वरच्या कवचाला चिकटलेलं असतं ना, अंडं उलटं झालं तर ते आतल्या आत मरतं. ताईनं नुसता धोशा लावला होता.

"उलटं करू नकोस गं. रेघ वर. रेघ वर."

"ताई, मी इथे नोकरीला आहे, बालवाडीत नाही."

आमचे वॉचमन, मिशाकाका, बांबू घेऊन उभे होते, आत्या अंगावर आली तर म्हणून. आली नाही. पाण्यावर फक्त डोळे ठेवून बघत होती. एकेक अंडं, एकेक रेघ. आम्ही शेवटचं अंडं उचलेपर्यंत हललीसुद्धा नाही.

मग खोलीत वाळूची खोकी मांडली, हीटर लावला, थर्मामीटर खोचले. साहेब आधीच सांगून गेले होते की यंदा पिल्लं निघाली नाहीत तर सेंटरला टाळं. ताई घरी जायचंच विसरली. खोक्यांशेजारी सतरंजी टाकून राहायला लागली.

एका दुपारी जेवण झाल्यावर मिशाकाका डुलकी काढून उठले आणि तोंड धुवायला आले, तर कपाळावर पेन्सिलची रेघ. छोटी, बरोब्बर मधोमध. ताईला हसू आवरेना. काका माझ्यावर उखडले.

"पोरी, माझ्या नातीनं हे केलं असतं तर कान उपटला असता."

"काका, देवाशप्पथ, पेन्सिल सकाळपासून माझ्या अंबाड्यात आहे."

होतीच. काढून दाखवली. त्यांच्या खाटेखाली ओली वाळू पडली होती, पण नदीकाठी वाळूचं कोणाला काय?

दुसऱ्या दुपारी खाट रिकामी. चपला खाली नीट जोडीनं ठेवलेल्या. ताई म्हणाली, "चहाला गेले असतील." मी म्हटलं, "अनवाणी?" मग आम्हाला अंगणातला रुंद पट्टा दिसला. जड काहीतरी ओढत नेल्यावर वाळूत उमटतो ना, तसा. पावलं नव्हती. पट्टा थेट काठाकडे गेला होता.

धरणाचं पाणी अजून सोडलं नव्हतं. काका आत्याच्या रिकाम्या खड्ड्यात होते. हनुवटीपर्यंत वाळू, वरून छान थापलेली. तोंड आभाळाकडे. रेघ वर.

जिवंत होते हो. गाढ झोपेत. अंगावर ओरखडा नाही. वाळू उकरून आम्ही त्यांना बसतं केलं, पाणी पाजलं, हजार प्रश्न विचारले. ते एवढंच बोलले, "आत ऊब होती." संध्याकाळी नोकरी सोडून गेले, बॅटरीसुद्धा न घेता.

मी ताईच्या हातापाया पडले की घरी चल. तिचं एकच.

"अंडी टाकून? अगं, आता आतून आवाज येतील."

म्हणजे पिल्लू तयार झालं की अंड्यातूनच हाक मारतं. उचकीसारखी. अंफ, अंफ. ती ऐकून आई येते आणि वाळू उकरून त्यांना बाहेर काढते. आमच्या खोलीत आई नाही, म्हणून आम्ही कान लावून बसायचो.

आणि आले आवाज. भर दुपारी, सगळ्या खोक्यांतून एकदम. दोघी उकरत सुटलो. सगळी निघाली, एकही वाया गेलं नाही. ताई हसत होती आणि रडत होती, आणि मग भिंतीला टेकून तशीच घसरत खाली आडवी झाली. किती रात्री जागली होती. मी आतून कडी घातली आणि तिच्यासमोर बसले, नजर न हलवता.

एका पिल्लाचं शेपूट कवचात अडकलं होतं. मी वाकून ते सोडवलं. तेवढंच.

वर बघितलं तर ताईच्या कपाळावर रेघ.

कडी जशीच्या तशी. पेन्सिल माझ्या अंबाड्यात.

त्याच दिवशी तिला घरी आणलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, नदी कुठल्या कुठे. पिल्लं हौदात मजेत आहेत, सेंटर वाचलं. आत्या मात्र नदीत दिसायची बंद झालीये. साहेब म्हणतात, धरणाचं पाणी सुटलं, त्या पुराबरोबर खाली गेली असेल.

रेघ साबणानं गेली. पण ताई आता उताणीच झोपते. कूस बदलत नाही. आई म्हणते, दमलीये पोर.

काल दुपारी मी तिला कुशीवर वळवायला गेले. ती झोपेतच म्हणाली, "उलटं करू नकोस गं."

मी हात काढला.

मग तिच्यातून आवाज आला. तोंड मिटलेलं होतं. छातीतून आला.

अंफ.

आज सकाळपासून थांबलेला नाही. आई आहे जवळ, पण आईला ती उचकी वाटतेय, सारखं पाणी पाजतेय. म्हणून म्हणते, चला ना कोणीतरी.

थांबा. आईचाच फोन.

…

काही नाही, वैतागलीये. म्हणते, जिन्यात ओली वाळू कोणी सांडली, अगदी खालपासून आपल्या दारापर्यंत. मी म्हटलं, आई, दार बंद ठेव, उघडू नकोस.

म्हणाली, "बंदच आहे गं. आतली वाळू पुसून झाली, आता जिना पुसते."